चार वाजताची हाक

दुपारी चार वाजून पाच-सात मिनिटांनी पराग रणदिवेच्या फोनच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका उमटायचा आणि त्याने बघण्याआधीच विझायचा. उमटला म्हणजे साताऱ्यात आईच्या कड्याने हाक मारली, आणि विझला म्हणजे ती हाक कोणीतरी सांभाळली. या दोहोंमध्ये एक सेकंदसुद्धा जात नसे. सांभाळणारा पराग नव्हताच, चार वर्षांपूर्वी एका रविवारी बसून त्याने लिहिलेला चाळीस ओळींचा प्रोग्रॅम होता. त्याची परागला लाज वाटत नव्हती. लाज वाटायला आधी आठवण व्हावी लागते, आणि चार वाजता तो बहुधा मीटिंगमध्ये असायचा.

नाशिकच्या ज्या कंपनीत तो होता ती ‘सहवास’ नावाचं मनगटी कडं बनवायची. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी. कड्यात नाडी, कातडीचं तापमान, हाताचा कंप वगैरे मोजायची सोय होती, आणि घरात भिंतींना चिकटवलेल्या चार टिकल्या माणूस कुठल्या खोलीत आहे, किती वेळ आहे, हे टिपत. पण असली कडी बाजारात पुष्कळ होती. ‘सहवास’चं वेगळेपण होतं ते हाकेत.

प्रोग्रॅमर लोकांच्या जगात वस्तूंनी एकमेकींशी बोलायची एक जुनी रीत आहे. एका वस्तूत काही घडलं की ती फक्त जाहीर करते, माझ्यात अमुक घडलं. ऐकतंय कोण, ऐकून कोण काय करणार, याची ती फिकीर करत नाही. ज्याला ऐकायचं असेल त्याने आधी आपलं नाव नोंदवून ठेवायचं. बटण दाबलं गेलं, खिडकी मिटली, असल्या घटना भाषेसोबत तयारच मिळतात. खरी मजा प्रोग्रॅमरने स्वतः ठरवलेल्या घटनेत असते. नाव त्याचं, ती कधी घडली असं धरायचं ते त्याने ठरवायचं, आणि जाहीर करताना सोबत काय माहिती धाडायची तेही त्यानेच. ‘सहवास’ने हीच रीत माणसाला लावली. घटनेला कंपनीत हाक म्हणत आणि ऐकणाऱ्याला कान.

पडणे, ताप, श्वास अडकणे या हाका कड्यात तयार येत. त्या एकाच वेळी सगळ्या कानांना जात. पण लोकांचा जीव स्वतःच्या हाकांवर. मनात ठरवलेली गोष्ट वाटू लागली की कड्याचं बटण दाबायचं, असं तीन आठवडे करायचं. तेवढ्यात कडं शरीराची त्या वेळची सगळी लक्षणं शिकून घेई आणि पुढे न सांगता आपणच हाक मारी. जळगावच्या एका निवृत्त मास्तरांनी ‘चिडचिड’ नावाची हाक शिकवली होती आणि कान लावला होता बायकोचा. हाक आली की बाई चपला घालून देवळात निघून जात. दोघांचा संसार त्यामुळे सुधारला म्हणे.

सुरुवातीला या हाकाही सगळ्यांना एकदम जायच्या. एका आजोबांची ‘कंटाळा’ ही हाक पाच मुलांना गेली आणि पाचही जणांनी एकदम फोन केले. आजोबा घाबरून कडं काढून बसले. तेव्हा परागनेच तोडगा काढला होता. स्वतःची हाक एकेका कानाकडे क्रमाने जावी, पहिला कान रक्ताच्या नात्यातला असावा, आणि ज्याने ‘सांभाळलं’ म्हटलं त्याच्यापाशी ती थांबावी. पुढच्याला कळायचं कारण नाही. कोणाच्या यादीत आणखी कोण आहे हेही इतरांना दिसू नये, खाजगी बाब म्हणून. या तोडग्याबद्दल कंपनीने त्याचा सत्कार केला होता.

आईला कडं त्यानेच नेऊन दिलं. वडील जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं, आणि परागची बायको बंगलोरला निघून जाऊन दोन. आईने महिनाभरात एक हाक शिकवली आणि तिचं नाव ठेवलं ‘चहा’. परागला हसू आलं होतं. पहिले काही दिवस हाक आल्यावर त्याने फोनही केला. “काय गं आई?” “काही नाही रे, सहज.” “चहा घेतलास का?” “घेते आता.” आता चहाची आठवण करून द्यायला मुलाची काय गरज, असं त्याला वाटलं. पण हाक सांभाळली नाही की दर दोन मिनिटांनी ठिपका पुन्हा पिरपिर करी. म्हणून एका रविवारी त्याने तो प्रोग्रॅम लिहिला. कान माणसाचाच असला पाहिजे असा काही यंत्राचा हट्ट नसतो. हाक आली की अकरा वाक्यांतलं एक निवडून आईला धाडायचं आणि वर ‘सांभाळलं’ अशी खूण करायची. एवढंच त्याचं काम होतं.

मंगळवारी सकाळी साडेदहाला आई न्हाणीघरात पडली.

पडल्याची लाल हाक आली तेव्हा पराग मीटिंगमध्ये उभा होता. त्याने आईला फोन लावला, तो वाजत राहिला. शेजारच्यांचा नंबर शोधायला घेतला तर तो सापडेना. तेवढ्यात पडद्यावर अक्षरं उमटली. ‘शकुंतला निकम : पोचले. ॲम्ब्युलन्स बोलावली. शुद्धीवर आहे.’ शकूमावशी! आईची टेलिफोन एक्स्चेंजमधली मैत्रीण. लहानपणी परागच्या हातावर लिमलेटच्या गोळ्या ठेवणारी. ती या यादीत कशी, याचा विचार करायला तेव्हा सवड नव्हती. त्याने गाडी काढली.

साताऱ्याच्या इस्पितळात पोचला तेव्हा पाच वाजून गेले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन सकाळी होणार होतं, आणि आई औषधाच्या गुंगीत झोपली होती. बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन एक उंच, काटक बाई ताठ बसली होती.

“पराग का? टक्कल पडलं की रे तुला.”

“शकूमावशी, तुम्ही आत का नाही बसलात?”

“तिने बोलावलं तर जाईन. पाच वर्षं बोलत नाही आम्ही.”

परागला हे माहीत नव्हतं. साताऱ्यातलं त्याला फारसं काहीच माहीत नसे.

“मीच म्हणाले होते,” शकूमावशी भिंतीकडे बघत सांगू लागल्या. “तुझे बाबा गेले, तू दिवसपाणी करून चौदाव्या दिवशी नाशिकला गेलास. मी म्हटलं, हेमा, पोरगा गेला तो गेला. वर्षभरात फोनवरसुद्धा यायचा नाही, बघ. भर पेन्शनर मंडळात म्हणाले. तिने कपबशी खाली ठेवली आणि उठून गेली. माझ्या परागला बोलायचं नाही, एवढंच म्हणाली.”

पराग त्यांच्या शेजारी बाकावर बसला.

“मग वर्षाने माझ्या फोनवर विचारणा आली. हेमलता रणदिवे यांच्या ‘चहा’ या हाकेला कान व्हाल का? एका पायावर हो म्हटलं मी. तोंडाने माफ केलं म्हणायची नाही ती, पण ही तिची रीत. ती बोलावणार आणि मी जाणार. रोज चारला फोन घेऊन बसायचे रे. दुपारची झोप सोडली. एक हाक आली नाही. चार वर्षांत एक नाही. शेवटी मला कळलं, ही शिक्षा आहे. नाव घालून वाट बघायला बसवलंय मला. आज पडल्याची आली तेवढीच.”

“चारलाच का?”

“चारला पाळी बदलायची ना. ती सकाळच्या पाळीला, मी दुपारच्या. तिने डोक्यावरचा हेडफोन काढायचा, मी घालायचा, मधल्या दहा मिनिटांत एक चहा दोघींत. सव्वीस वर्षं आम्ही एकमेकींना तेवढ्याच भेटलो. पण घरचं, दारचं, सगळं त्या दहा मिनिटांत.”

परागला चार वाजता उमटून विझणारा तो हिरवा ठिपका आठवला. मागून त्याने कंपनीकडची आईच्या कड्याची नोंद तपासली ती केवळ खात्री करून घ्यायला, आकडा सोडला तर त्याला आधीच सगळं ठाऊक झालं होतं. ‘चहा’ ही हाक एक हजार चारशे सहा वेळा उठली होती. प्रत्येक नोंदीसोबत कड्याने आपली माहिती धाडली होती, नाडी जराशी वाढलेली, हात गार, स्वयंपाकघरात जाऊन काही न करता परत. त्याखाली प्रत्येक वेळी त्याच तीन ओळी होत्या. पहिला कान, पराग. सांभाळलं. दुसऱ्या कानाकडे पाठवली नाही.

ती हाक त्याच्यासाठी नव्हतीच. तो पहिला होता तो कंपनीच्या नियमाने, म्हणजे त्याच्याच नियमाने. एका ओळीची खूण त्याने पिरपिर थांबवायला घातली, आणि दोन गल्ल्यांच्या अंतरावर दोन म्हाताऱ्या चार वर्षं एकमेकींची वाट बघत बसल्या. हे त्याच्याकडून झालं, यात दुसऱ्या कोणाचा हात नव्हता.

तरी माणूस आधी सुटकेची वाट शोधतो. परागलाही ती लगेच दिसली. प्रोग्रॅम गुपचूप काढून टाकायचा. आई घरी गेली, कडं पुन्हा हातात चढलं की हाक आपोआप शकूमावशींकडे जाईल. त्या येतील, चहा होईल. कोणाला काही कळायचं कारण नाही. रात्रभर तो या विचाराला धरून होता, आणि पहाटे त्याला झोपही लागली.

ऑपरेशन नीट झालं. दुपारी आई चांगली जागी होती. चेहरा सुकलेला, पण बोलणं खणखणीत. सलाइन बदलणाऱ्या नर्सने परागकडे बघून विचारलं, “हेच का ते रोज निरोप पाठवणारे?”

“हाच,” आई म्हणाली. “चार वर्षांत एक दिवस चुकला नाही. मागच्या साली डेंग्यू झाला होता याला, त्या आठवड्यातही रोज चारला निरोप. लोक काय वाटेल ते बोलतात, मुलं विचारत नाहीत म्हणून. मी म्हणते, असेल बाई तुमचं तसं.”

नर्स कौतुकाने हसून गेली. पराग पायाकडची चादर सारखी करत राहिला.

“बाहेर बसलीय का ती अजून?” आईने आवाज खाली आणत विचारलं.

“शकूमावशी? हो. सकाळपासून.”

“बसू दे. चार वर्षं हाक मारली तेव्हा आली नाही. आता पाय मोडल्यावर बघायला आली. तूच बनवतोस ना हे कडं? मग तिचं नाव काढून टाक त्यातून. आत्ता काढ, माझ्यासमोर.”

“आई, घरी गेल्यावर बघू.”

“आत्ता. आणि तिला जाऊन सांग, नाव काढलं म्हणून. उगाच ताटकळायला नको कोणी.”

पराग फोन घेऊन बाहेर आला. शकूमावशी उठून उभ्याच होत्या, पिशवी खांद्याला. “निघते रे,” त्या म्हणाल्या. “माणसाने किती बसायचं. तिला सांग, पाय मजबूत होऊ दे. मी परत काही यायची नाही.”

आता गुपचूप काही करायला जागा उरली नव्हती. नाव काढलं तर या बाई जन्मात पुन्हा त्या दारात येणार नव्हत्या. नाव ठेवायचं तर का ठेवतोयस ते सांगावं लागणार होतं. आणि सांगितलं तर पेन्शनर मंडळातलं ते भांडण आई हरणार होती, तेही शकूमावशींच्या देखत. आईकडे चार वर्षांत एकच गोष्ट जमली होती, आणि ती म्हणजे रोज चार वाजता विचारणारा मुलगा. तो मुलगा तिच्याकडून काढून घ्यायचा होता. परागला वाटलं, तिथल्या तिथे जिना उतरून गाडीत बसावं आणि नाशिक गाठावं.

“मावशी, आत चला,” तो म्हणाला.

“तिने बोलावलं?”

“नाही. मी बोलावतोय. दोघींना एकदमच सांगायचंय.”

आईने त्यांना बघून तोंड भिंतीकडे केलं. शकूमावशी दारापाशीच थांबल्या. परागने उभ्याउभ्याच सांगितलं, कारण बसला असता तर त्याने गोष्ट घोळवली असती.

“आई, तुझी एकही हाक मावशींना गेलेली नाही. एक हजार चारशे सहा हाका मी अडवल्या.”

“तू कशाला अडवशील?”

“मी नाही. माझा प्रोग्रॅम. हाक आली की तो तुला निरोप पाठवायचा आणि सांभाळलं म्हणायचा. सांभाळलं म्हटलं की हाक पुढे जात नाही. तसा नियमच आहे. मीच केलेला.”

मग आईने मान वळवली. तिने शकूमावशींकडे पाहिलंच नाही, परागकडेच पाहिलं.

“म्हणजे निरोप?”

“अकरा वाक्यं लिहून ठेवली होती. त्यातलं एक निवडून जायचं.”

“अकराच?”

“हो.”

“मला वाटायचं, पुष्कळ आहेत.” ती एकेक आठवू लागली. “‘आज काय भाजी केलीस, मला इथे वास येतोय.’ हे?”

“तेही.”

“केव्हा लिहिलंस?”

“चार वर्षांपूर्वी. सगळी एकाच दिवशी.”

“आणि डेंग्यूत?”

“तेव्हा मी इस्पितळात होतो, आई. फोन कपाटात होता.”

आईने डोळे मिटले. ती रडली असती तर परागला बरं वाटलं असतं, पण ती रडली नाही. भिंतीकडे तोंड करून तिने हळूच विचारलं, “शकू, ऐकलंस ना? तू म्हणाली होतीस ते खरं निघालं.”

शकूमावशी आत आल्या. पिशवी त्यांनी पलंगाच्या कडेला टेकवली. “काही खरं नाही हं,” त्या म्हणाल्या. “मी उगाच बोलले होते. मला तेव्हा तुझा हेवा वाटला. मला तर तसलं एक वाक्य लिहून ठेवणारंही कोणी नाही.”

“एक हजार चारशे वेळा बोलावलं गं तुला.”

“आणि मी तितक्याच वेळा केस विंचरून बसले, मूर्खासारखी.”

आईच्या तोंडून एक आवाज निघाला. तो हुंदका होता की हसू, हे परागला कळलं नाही. शकूमावशींना मात्र कळलं असावं, कारण त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. मग आई म्हणाली, “पराग, खालून दोन चहा पाठव.”

“पाठव,” तिने पुन्हा सांगितलं. “तू नको आणूस.”

पराग साताऱ्यात आणखी नऊ दिवस राहिला. आईला घरी आणलं, न्हाणीघरात धरायला दांडे बसवून घेतले. आई त्याच्याशी नीट बोलत होती. जेव म्हणे, झोप म्हणे. रागावली असती तर त्याला काही बोलता आलं असतं. चार वाजता शकूमावशी यायच्या तेव्हा तो गॅलरीत जाऊन बसे. आतून एक्स्चेंजमधल्या साहेबांच्या नकला आणि दोघींचं खिदळणं ऐकू येई. आपली आई अशी हसते, हे त्याला एकोणपन्नासाव्या वर्षी कळलं. निघताना त्याने तिच्यासमोर प्रोग्रॅम पुसून टाकला. तिने चष्मा लावून पडद्याकडे पाहिलं आणि बरं म्हणाली.

नाशिकला पोचल्यावर त्याला फोनवर एक सूचना दिसली. ‘हेमलता रणदिवे यांनी ‘चहा’ या हाकेच्या यादीतून तुमचा कान काढला आहे.’ पहिला कान नात्यातलाच हवा, हा नियम त्याने स्वतः रद्द करून घेतला होता, त्यालाही दोनच दिवस झाले होते. सूचनेखाली आईने चार शब्द लिहिले होते. ‘तुझ्या मागे कटकट नको.’ टोमणा नव्हता तो. तिने खरोखरच मुलाच्या सोयीचा विचार केला होता, आणि म्हणूनच परागला तो सोसवेना.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मीटिंग चालू होती. फोनच्या कोपऱ्यात काही उमटलं नाही. पराग त्या कोपऱ्याकडे बघत राहिला. कोणीतरी त्याला काहीतरी विचारलं, त्याने ते ऐकलं नाही. सव्वाचारला तो उठून बाहेर आला, जिन्याच्या वळणावर उभा राहिला आणि त्याने आईला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

“पराग? काय झालं?” आईचा आवाज घाबरा होता. “कड्याने काही सांगितलं का तुला? मी बरी आहे.”

“काही नाही सांगितलं कोणी. मीच केला.”

“का रे?”

“असाच. सहज.”

पलीकडे भांड्यांचा आवाज आला. शकूमावशी मोठ्याने काही म्हणाल्या आणि आई फोन बाजूला धरून त्यांना म्हणाली, “अगं, पराग आहे. नाही, बरा आहे, सहज केलाय म्हणे.” मग ती पुन्हा फोनवर आली. आवाज मऊ होता, पण घाईतला होता.

“शकू आलीय रे. चहा निवतोय. तू मग कर, हं?”

“करतो,” पराग म्हणाला, तोवर फोन बंद झाला होता. तो जिन्यातच उभा राहिला. मग म्हणजे किती वाजता, हे विचारायचं राहून गेलं होतं.